वाटणीत आलेली लेन्स

वर्ध्याला बाहेरगावची माणसं ज्या कारणासाठी जातात, त्या कारणासाठी मी गेलो नव्हतो. आश्रम पाहिला, पण तो शेवटच्या दिवशी, गाडीला वेळ होता म्हणून. मी गेलो होतो एक जुनी लेन्स पाहायला. घरी हे सांगितलं तेव्हा बायकोने विचारलं, "पुण्यात मिळत नाहीत का लेन्स?" मिळतात. आमच्या कपाटात त्यातल्या नऊ आहेत, हेही मग तिनेच मोजून सांगितलं.

ज्यांना हा आजार नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वी अशा लेन्स निघायच्या की काम नसेल तेव्हा त्यांची नळी कॅमेऱ्याच्या पोटात ढकलून ठेवता यायची. कॅमेरा खिशात मावायचा. फोटो काढायचा असेल तेव्हा नळी बाहेर ओढायची आणि किंचित फिरवायची, की ती अडकून बसायची. दोन हजार सालानंतर एका जपानी कंपनीने जुन्या घाटाचा, पण आतून डिजिटल असा कॅमेरा काढला आणि या जुन्या लेन्स त्याला लागू लागल्या. प्रॉव्हिडंट फंडातून मी तो घेतला. फिल्मच्या कॅमेऱ्याचं पोट रिकामं असायचं. डिजिटलच्या पोटात बरंच काही असतं आणि नळी पूर्ण आत गेली तर तिथे आपटेल अशी धास्ती असते. म्हणून आम्ही मंडळी नळीभोवती प्लास्टिकची जाड चिकटपट्टी गुंडाळतो, म्हणजे ती अर्धवटच आत जाते. एवढी काळजी आम्ही आमच्या मुलांची घेतलेली नाही.

आणखी एक गोष्ट सांगणं भाग आहे. या कॅमेऱ्यात आपण लेन्समधून पाहत नाही, बाजूच्या वेगळ्या खिडकीतून पाहतो. खिडकीत दोन प्रतिमा दिसतात. त्या एकावर एक बसल्या की फोटो काढायचा. लेन्सचं काहीही झालेलं असो, खिडकीतून जग स्वच्छच दिसतं.

बोरगाव मेघे, पहिला दिवस

टेलिफोन खात्यात माझ्या शेजारच्या टेबलावर वीस वर्षं बसलेला अशोक निवृत्तीनंतर वर्ध्याला परतला होता. बोरगाव मेघेला त्याचं घर. लेन्सची बातमी त्याचीच. "आंजीच्या एका भाजीवाल्याजवळ आहे. तू सांगतो तशीच, आत-बाहेर होणारी. ये पाह्यले," असं तो फोनवर म्हणाला आणि मी आरक्षण केलं.

२००६ चा डिसेंबर होता. पुण्यातल्या माणसाला विदर्भ म्हणजे भट्टी, असा समज घेऊन मी एक पातळ स्वेटर नेला होता. पहिल्याच सकाळी अशोकची शाल, अशोकच्या मुलाची कानटोपी आणि अशोकच्या बायकोचे मोजे, असा माझा पोशाख झाला. नाश्त्याला चौकातल्या टपरीवर पोहे खाल्ले. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं पडतं, इथे हरभऱ्याची लालभडक तर्री पडते. मी दोन घास खाल्ले आणि शाल काढून ठेवली.

आंजी, दुसरा दिवस

अशोकच्या स्कूटरवरून आंजी (मोठी) गाठली. दोन्ही बाजूंना तूर, मधे कपाशीची पांढरी रानं. घर सापडायला वेळ लागला नाही. एकाच घराला रस्त्यावर दोन दारं होती आणि अंगणाच्या मधोमध विटांची कोरी भिंत. डावीकडच्या दारात सुधाकर उभा होता, तोच लेन्सवाला. उजवीकडच्या दारात किराणा दुकान, ते थोरल्या भावाचं, मनोहरचं.

सुधाकरने आम्हाला बसवलं आणि आतून तांदळाचा डबा आणला. कोपरापर्यंत हात घालून त्याने तळातून रुमालाची पुरचुंडी काढली. मला एकच भीती होती. दमट कपाटात अशा लेन्सच्या काचांवर बुरशी चढते, ती चढू नये म्हणून आम्ही पुण्यात कसल्या कसल्या पुड्या ठेवतो. तांदळाने ते काम फुकट केलं होतं. काच नव्यासारखी होती.

"बाबाची आहे," सुधाकर म्हणाला. "दुकान चालवत अन् लग्नाचे फोटो काढत. वाटणीत माह्याकडं आली."

"आणि कॅमेरा?"

"डब्बा? तो तिकडं." त्याने हनुवटीने भिंत दाखवली.

मला कळायला थोडा वेळ लागला. "म्हणजे लेन्स एकाकडे आणि कॅमेरा दुसऱ्याकडे?"

"मंग? कॅमेरा एकच होता न जी. एकाले पुरा देला असता त दुसऱ्यावर अन्याय झाला असता."

नऊ वर्षांपूर्वी ही वाटणी झाली होती. तेव्हापासून भावाभावांत बोलणं नाही. भांडण कशावरून झालं ते दोघांनीही मला पुढे सांगितलं आणि ती दोन वेगळीच भांडणं निघाली. सुधाकरची वांगी रोज पहाटे वर्ध्याच्या बाजारात जातात आणि मनोहर वर्ध्याच्या बाजारातून घरासाठी वांगी आणतो. मधे फक्त एक भिंत आहे, पण वांग्यांना तेवढा फेरा पडतो.

मी जोडकडी लावून लेन्स माझ्या कॅमेऱ्यावर बसवली, पट्टी गुंडाळली, नळी ओढून फिरवली आणि टोपलीतल्या वांग्यांचा एक फोटो काढला. कॅमेऱ्यामागचा, फोटो दाखवणारा पडदा उघडून पाहिला. वांगी अशी आली होती की हात लावावासा वाटला. ही लेन्स मला हवी होती. किती हवी होती ते इथे लिहीत नाही, बायको हे वाचणार आहे.

मग मी पडदा मिटवला. माझ्या कॅमेऱ्याचा पडदा उलटा फिरवून बंद करता येतो आणि मी तो बंदच ठेवतो. सुधाकर म्हणाला, "मिटवला काऊन? पाहू द्या न." मी त्याला पाच मिनिटं समजावलं की तुमचे वडील फोटो काढून लगेच पाहत होते का, विश्वास हवा, हाताला कळलं पाहिजे. त्याने ऐकून घेतलं. "पण दिसून राह्यला असन, त पाह्यले काय होते?" या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी माझ्याकडे होतं.

"लेन्स द्याल का?" मी शेवटी विचारलं.

"मायले विचारा लागन. माय सध्या तिकडं आहे."

आईचीही वाटणी झाली होती. सहा महिने डावीकडे, सहा महिने उजवीकडे. आम्ही निघालो तर सुधाकरने हात धरून जेवायला बसवलं. वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकर, कच्चा कांदा. भिंतीवर त्याच्या वडिलांचा लग्नातला फोटो होता. नवरदेव खुर्चीवर ताठ बसलेला, चौकट विचित्र अरुंद आणि खुर्चीच्या पाठीवर चुडा भरलेला एक हात. हात कोणाचा ते चौकटीत नव्हतं.

मायला दाखवा म्हणून सुधाकरने लेन्स कॅमेऱ्यावरच राहू दिली. या दारातून बाहेर पडून चार पावलांवरच्या त्या दारातून आत गेलो. मनोहरने माझ्याकडे पाहण्याआधी कॅमेऱ्याकडे पाहिलं. लेन्स त्याने लगेच ओळखली. हात पुढे आला आणि मागे गेला. "त्याची आहे. हात लावला त बोलन तो," म्हणाला. आणि मग, "तिकडं जेवले, इकडंबी जेवा लागन." नाही म्हणण्याची सोय नव्हती. एका घरी जेवून दुसऱ्या घरी नुसतं पाणी प्यालो असतो, तर मी पुण्याहून एका बाजूने साक्ष द्यायला आलो असं झालं असतं. पुन्हा भरीत, पुन्हा भाकर. वांगी तीच होती, फक्त वर्धा पाहून आलेली.

जेवताना कॅमेऱ्यावर काही सांडायला-लवंडायला नको म्हणून मी लेन्सची नळी आत ढकलली आणि तो शालीखाली खिशात घातला. या लेन्सचा फायदाच तो आहे.

समोरच्या भिंतीवर त्याच लग्नाचा उरलेला फोटो होता. एकटी नवरी उभी. तिचा उजवा हात खांद्यापाशी संपला होता.

ती नवरी, म्हणजे या दोघांची माय, सुभद्राबाई, आता शेवग्याच्या शेंगेसारखी बारीक आणि ताठ. सगळं ऐकून म्हणाली, "लेन्स नेजो. पण पयले तिच्यातून माहा फोटो काढ. माहा अन् दोन्ही पोराईचा."

"काढतो की. तुम्ही मधे बसा, दोघं दोन बाजूंना..."

"मधात नाई." तिने भिंतीवरच्या स्वतःकडे बोट केलं. "पाह्यलं न? लग्नाचा एकच फोटो होता, तो कैचीनं कापला ह्याईनं. बाप तिकडं गेला, मी इकडं. मी मधात राह्यली त मले आडवी-उभी कापतीन. मी कडेले उभी राह्यतो. हे दोघं खेटून पायजे. असे खेटून, का कैची चालवली त आपलाबी हात जाईन."

मनोहर खाली मान घालून डाळ पाखडत होता. मला त्या बाईचं फार वाईट वाटलं आणि ती ते वाटून घ्यायला रिकामी नव्हती. तिने भिंतीपाशी जाऊन हाक मारली, "सुध्या, रस्त्यावर ये!"

रस्ता ग्रामपंचायतीचा, म्हणून तो दोघांनाही चालत होता. दोघे भाऊ उभे राहिले आणि त्यांच्यामधून एक शेळी सहज निघून गेली. "सरका," माय म्हणाली. अर्धी वीत सरकले. "अजून." असं करत करत शेवटी खांद्याला खांदा लागला. दोघांनीही समोर माझ्याकडे पाहिलं, जणू शेजारी कोण आहे ते त्यांना ठाऊकच नव्हतं. माय एका टोकाला, पदर नीट करून. माझ्या खिडकीत दोन प्रतिमा एकावर एक बसल्या. मी अकरा फोटो काढले. पडदा अर्थातच मिटलेला होता.

सुधाकर आपल्या दाराने गेला, मनोहर आपल्या. माय म्हणाली, "आला न चांगला?" मी म्हणालो, "उत्तम."

त्या संध्याकाळी अशोकच्या घरी फोटो त्याच्या मुलाच्या कॉम्प्युटरवर उघडले. वांगी सुरेख होती. त्यानंतर धुक्यात उभे केलेले तीन रांजण होते, अकरा वेळा. अशोक खूप वेळ पाहत राहिला. "ह्याच्यात माय कोणती?" त्याने विचारलं.

जेवताना आत ढकललेली नळी मी बाहेर ओढलीच नव्हती.

याहून धूसर फोटोंसमोर पुण्यातल्या प्रदर्शनांत मी वाहवा केलेली आहे. क्षणभर तसंच काहीतरी सांगावं असं मनात आलं. अशोकचा सल्ला वेगळा होता. "अबे, सांग का लेन्सच खराब आहे. मंग देऊनबी टाकन तो." वीस वर्षं शेजारी बसलेल्या माणसाला आपण किती कमी ओळखतो असं वाटलं, पण खरं सांगायचं तर त्या सल्ल्याचा मी चहा संपेपर्यंत विचार केला.

केळझर आणि पुन्हा आंजी, तिसरा दिवस

सकाळी आम्ही केळझरला गेलो. आंजी दुसऱ्या दिशेला आहे हे मला माहीत होतं, म्हणूनच गेलो. टेकडी चढून गणपतीचं दर्शन घेतलं, वरून दिसणारी संत्र्यांची आणि तुरीची रानं पाहिली, प्रसाद खाल्ला. देवळाचा एकही फोटो काढला नाही. अशोकने दोनदा घड्याळ पाहिलं तेव्हा मी म्हणालो, "चल, आंजीला."

मायला मी उभ्या उभ्याच सांगितलं. चूक लेन्सची नाही, माझी आहे, हेही सांगितलं.

"एकबी नाई आला?"

"एकही नाही."

ती ओसरीच्या पायरीवर बसली. "नऊ वर्सांनी खेटले होते," ती म्हणाली आणि तिने पदर डोळ्यांना लावला. मी आयुष्यात पुष्कळ फोटो बिघडवलेत, पण कोणाचं काही बिघडवल्यासारखं कधी वाटलं नव्हतं.

मनोहर गल्ल्यावरून उठून आला. "नळी वढली होती?"

"काय?"

"फोटो काढाच्या आंधी लेन्सची नळी बाहेर वढली होती का?"

"नाही."

त्याने कपाळावर हात मारला. रागावला नाही, उलट त्याचा चेहरा जरा सैलच झाला. "बाबाबी इसरत जी. कुन्याच्या लग्नात नवरा-नवरी उभे राह्यले का मी मांगून म्हणो, 'बाबा, नळी!' तेच माहं काम होतं. एका लग्नाले मी तापानं पडलो, गेलो नाई, त सारे फोटो असेच धूर निघाले. त्या लोकाईनं एक वर्स दुकानातून मीठ नेलं नाई."

"अन् मी टोपी म्हणो!" आवाज भिंतीपलीकडून आला. सुधाकर पलीकडे भाजी निवडत बसला असावा आणि सगळं ऐकत असावा. "लेन्सवर टोपी तशीच राहे बाबाची. थे पाह्याचं काम माहं होतं. सांग त्याईले!"

आता 'सांग त्याईले' हे कोणाला उद्देशून होतं, हा प्रश्न आला. भिंतीच्या अलीकडे चौघे होतो. अशोक आणि मी पाहुणे, आम्हाला तो अहो-जाहो करायचा. मायने पदर खाली घेतला आणि मनोहरकडे पाहिलं.

मनोहरने भिंतीकडे पाहिलं. मग मला म्हणाला, "टोपी तो पाहे. खरं आहे."

"सुध्या, रस्त्यावर ये," माय म्हणाली.

या वेळी शेळी नव्हती. मी कॅमेरा डोळ्याला लावला तसा मनोहर रांग सोडून पुढे आला. त्याने माझ्या हातातला कॅमेरा न घेता, फक्त दोन बोटांनी लेन्सची नळी ओढली, उजवीकडे फिरवली आणि ती अडकल्याचा बारीक आवाज आला. नऊ वर्षांत त्याने तिला हात लावला नव्हता. सुधाकर पाहत होता. तो काही बोलला नाही. मग तोही पुढे आला, वाकून काच निरखली. "टोपी नाई," म्हणाला.

दोघे जाऊन उभे राहिले, खांद्याला खांदा लावून. कोणाला 'सरका' म्हणावं लागलं नाही. मी तीन फोटो काढले आणि पडदा उघडून भर रस्त्यात सगळ्यांना दाखवले. विश्वास वगैरे काही बोललो नाही. माय पडद्यात नाक खुपसून म्हणाली, "मनोहर बापासारखा दिसून राह्यला." सुधाकरने वाकून पाहिलं आणि "हाव," एवढंच म्हणाला.

लेन्स मी आणली नाही. मायने दिली होती. पण मी ती कॅमेऱ्यावरून काढली तेव्हा मनोहरने ती माझ्या हातातून घेतली, सदऱ्याच्या टोकाने पुसली, नळी आत सारली आणि थेट सुधाकरच्या हातात दिली. त्यानंतर ती परत मागायला लागणारं धाडस माझ्यात नाही. मला ती हवी होती, अजूनही हवी आहे.

निघताना माय रस्त्यापर्यंत आली. "एकच बनवजो," म्हणाली.

"दोघांना एक-एक करतो की. त्यात काय आहे?"

"एकच. अन् मोठा."

"केवढा?"

तिने दोन्ही हात पसरले. मग तेवढ्याने समाधान झालं नाही म्हणून दारापासून दुकानाच्या फळीपर्यंत चालून दाखवलं.

"इतका मोठा कशाला, माय?"

"कापाले कैची नाई पुरली पायजे," ती म्हणाली. "अन् माही पाळी बदलली का फोटो इकडून तिकडं न्या लागन. एकट्याले उचलता नाई आला पायजे."

पुणे

सहा मेगापिक्सेलचा फोटो इतका मोठा करू नये. पुण्यातल्या प्रिंटवाल्याने मला ते तीनदा सांगितलं आणि फोटो फुटला तर दुकानाचं नाव घेऊ नका असंही सांगितलं. फुटला थोडा. तिघांचे चेहरे जवळून पाहिले तर गोणपाटासारखे दिसतात. रस्त्याच्या पलीकडून पाहिलं तर ओळख पटते, आणि मनोहरचा डावा खांदा कुठे संपतो, सुधाकरचा उजवा कुठे सुरू होतो, ते कुठूनही सांगता येत नाही. जाड सागवानी चौकट बसवली, काच लावली आणि ट्रान्सपोर्टने आंजीला धाडला. बायकोने चौकटीकडे पाहून विचारलं, "लेन्स मिळाली नाही आणि हे केलंस?" मी हो म्हणालो.

पुढे पंधरा दिवसांनी फोन आला. सुधाकर होता. मायचा मुक्काम नुकताच त्याच्याकडे आला होता.

"सर, फोटो आला."

"काच फुटली नाही ना?"

"काच बेस आहे. पण सर, दारातून जाऊन नाई राह्यला. मी वढून पाह्यला, लोटून पाह्यला. हलत नाई."

"मग?"

"मंग काय. दादाले आवाज देला."

मागून मनोहरचा आवाज येत होता. "तुह्याकडून उचल. अरे तिकडून नाई, खालून! माहा हात दाबला गेला." मग सुधाकर, फोनपासून दूर होत, "वाकडा तूच धरून राह्यला, दादा, मी नाई." मग काहीतरी घासलं, कोणीतरी हसलं, आणि माय कोणाला तरी खिळे आण म्हणाली.

फोन चालूच होता. माझ्याशी कोणी बोलत नव्हतं.